बघायचं काम सरांचं

कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला होता. वर किरण सर, हाताची घडी घातलेले, गळ्यात पांढरा नॅपकिन. खाली ओळीने सात पोरी, पासपोर्ट फोटोएवढ्या. मेघा डावीकडून दुसरी. तिचा एक कान छापताना कापला गेला होता. मजकूर असा: 'आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत पुन्हा विजेतेपद! मार्गदर्शनाची किमया!' त्या सात पोरींच्या गुडघ्यांची सालटी निघाली, एकीचा खांदा निखळला, आणि किमया कोणाची, तर मार्गदर्शनाची.

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. कर्जतच्या आसपासचं आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर त्याचाही फ्लेक्स लावतील.

मेघा सोनावळे आमच्याच आळीतली. पळसदरीच्या अलीकडे आमचं गाव. तिचे वडील चंदरकाका रसायनीला एका कंपनीत ऑपरेटर. शिफ्ट बदलली की त्या घरात कोण कधी झोपतं आणि कोण कधी जेवतं याचा शेजाऱ्यांनाही पत्ता लागत नाही. आई रोहिणीकाकू अंगणवाडीत मदतनीस. आळीच्या टोकाला विहार, विहाराच्या मागे मोकळी जागा, आणि त्या जागेवर बारमाही कबड्डी. जयंतीच्या महिन्यात तिथे सामने भरतात, मंडप लागतो. एरवी पोरं खेळतात आणि म्हशी बघतात.

मेघा तिथेच शिकली. शिकली म्हणजे कोणी शिकवलं नाही. चुलतभाऊ राकेश आणि त्याचे मित्र गडी कमी पडले की तिला घ्यायचे, आणि वर ऐकवायचे, "रडायचं नाय हां मेघे, सांगून ठेवतो." पंधरवड्यात तेच रडकुंडीला आले. ती आत जायची, मान खाली, तोंडाने एकसुरी कबड्डी कबड्डी, आणि नजर समोरच्यांच्या पायांवर. वाटायचं पोरगी लाजतेय. मग एकदम कोणाच्या तरी मांडीवर टाच लागायची आणि ती मध्यरेषेच्या पार.

राकेश चिडून म्हणाला, "तुला कसं कळतं गं मी येतोय ते?"

"तुझी टाच उचलती ना आधी. हात मागनं येतो."

"मग टाच नाय उचलायचो मी."

"मग पकडशील कसा? उडून?"

अशी ती कॉलेजात आली. तिला काय हवं होतं ते तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, लपवाछपवी नाही: जिल्ह्याच्या संघात नाव. जिल्ह्याकडून खेळलं की खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीला उभं राहता येतं, आणि मेघाला पोलीसच व्हायचं होतं. दुसरं काही नको. कॉलेजात कबड्डीची मॅट होती, सर होते, ढाली होत्या. याहून चांगली जागा कोणती?

पहिल्या सरावाला सरांनी तिला थोरल्या पोरींवर सोडलं. ती आत गेली, खाली मान, आणि उजव्या कोपऱ्याची पोरगी टिपून आली. सरांनी जोरात शिट्टी मारली.

"थांब. तुला उजव्या कोपऱ्यावर जायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाय सर. तिची टाच उचलली होती."

"टाच?" सर बाकीच्यांकडे वळले. "ऐकलं का? टाच! आपण इथे चपला शिवायला बसलोय का?"

पोरी हसल्या. मेघाही हसली, तिला वाटलं विनोद आहे. मग सर तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी ते वाक्य उच्चारलं. ते नंतर मी मेघाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला त्यातला श्वास कुठे घेतात तेसुद्धा माहीत आहे.

"हे बघ बाळा. बघायचं काम माझं. पळायचं काम तुझं. तू बघायला लागलीस, की पाय थांबतात."

मग नॅपकिनची भाषा शिकवली. सर बाकावर बसणार. चढाईला निघण्याआधी पोरीने त्यांच्याकडे बघायचं, आत गेल्यावर डोळ्यांच्या कोपऱ्यातून पुन्हा बघायचं. नॅपकिन उजव्या खांद्यावर, तर उजव्या कोपऱ्यावर पाय टाक. डाव्या खांद्यावर, तर डाव्या. गळ्यात, तर मागची रेषा ओलांडून बोनस गुण घे. आणि सरांनी नॅपकिनने तोंड पुसलं, तर जिथे असशील तिथून, काही न करता, मुकाट परत ये. याला सर 'सिस्टीम' म्हणायचे. आणि खोटं कशाला बोलू, सिस्टीम चालायची! किरण सरांना कबड्डी कळते. समोरचा संघ कुठे कच्चा आहे ते त्यांना बाकावरून दिसतं. मला राग त्याचा नाही. त्यांना दिसतं याचा नाही. दुसऱ्या कोणाला दिसू द्यायचं नाही, याचा आहे.

मेघा पहिल्या वर्षापासून संघात. पाय चपळ, दम मोठा, आणि सांगितलेलं ऐकणारी. सरांना हवं होतं ते नेमकं एवढंच. तिच्या नावावर गुण वाढत गेले. उत्कृष्ट चढाईपटूचं बक्षीस मिळालं, मिक्सर मिळाला. घरी रोहिणीकाकूंनी त्या मिक्सरला हळदकुंकू न लावता नुसता हात जोडला आणि वाटण केलं. पण त्याच काकू एकदा ओट्यावर बसून माझ्या आईला सांगत होत्या:

"मेघीला काय झालंय कळत नाय मला. भाकर वाढून घ्यायच्या आधी माज्या तोंडाकडं बगती. म्हनलं घे की गं, मी काय नको म्हनतेय? तरी बगती. परवा कपडे घ्यायला गेलो, दुकानदारानं विचारलं कुठला रंग, तर ही माज्याकडं. पयले अशी नव्हती ती. पयले माजं ऐकायची नाय!"

काकू हसत होत्या. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

शेवटच्या वर्षाला होती तेव्हा कर्जत स्टेशनबाहेर वड्याच्या गाडीपाशी तिला समीक्षा भेटली. समीक्षा मेघाच्या आधीची सरांची स्टार. चौक गावाजवळच्या शेतकरी घरातली पोरगी, आता रसायनीत पॅकिंगला. तिच्या काळातल्या फ्लेक्सवर तिचा फोटो जरा मोठा होता म्हणे.

"तूच ना गं सरांची नवी?"

"नवी कसली, शेवटचं वर्ष हाय माझं. तुमाला वळखलं मी, समीक्षाताई."

"ताई नको म्हनू, वय वाढतं. बरं सांग, आत गेलीस की काय दिसतं तुला?"

"म्हंजे?"

"म्हंजे डोळ्यांना. चढाई करतीस ना? समोर काय दिसतं?"

मेघाने वडा हातात धरून खरोखर विचार केला. आणि म्हणाली, "सर."

समीक्षा म्हणाली, "हां. मलाबी सरच दिसायचे. एवढे सामने मारले मी, समोरच्या एका पोरीचं तोंड आठवत नाय मला."

"मग जिल्ह्याच्या चाचणीत काय झालं तुमचं?"

"काय व्हायचं? तिथं सर नव्हते."

एवढं बोलून तिने मिरची चावली. मग तिने मेघाला जे सांगितलं ते साधं होतं: सरांना म्हण, सरावात रोज थोड्या चढाया नॅपकिनशिवाय करू दे. हरले तर हरले, सरावच तर आहे. चाचणीला तू एकटी असशील. एकटीने खेळायची सवय आत्ता लाव.

मेघाने दुसऱ्याच दिवशी विचारलं. मीही त्याच कॉलेजात, नाटकाच्या तालमीसाठी हॉल मागायला गेले होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलंय.

"सर, सरावाला थोड्या चढाया नॅपकिनशिवाय करू का?"

"का गं? जिंकायचा कंटाळा आला?"

"नाय सर. चाचणीला तुमी बाकावर नसता ना. तिथं सगळ्या कॉलेजच्या पोरी मिसळून संघ करतात. मग मला..."

"हे कोणी भरवलं डोक्यात? समीक्षाने?" सर मोठ्याने हसले. "अगं, तिला जमलं नाही म्हणून सगळ्यांना जमणार नाही? तिच्यात नव्हतंच ते."

"ती उत्कृष्ट चढाईपटू होती सर."

"कोणामुळे?"

मी दारात उभी, हॉलची किल्ली मागायची विसरले. जिंकली तेव्हा सरांमुळे जिंकली. हरली तेव्हा तिच्यात नव्हतंच! हा कुठला न्याय?

सर मग मऊ झाले. ते मऊ झाले की जास्त भीती वाटते. "मेघा, समजून घे. तुम्ही पोरी कॉलेजात येता, थोडी वर्षं असता, जाता. एकेकीला खेळ शिकवत बसलो तर तुम्ही शिकेपर्यंत तुमची लग्नं होतील. सिस्टीममध्ये बसवलं की पहिल्या वर्षापासून निकाल. प्राचार्यांना ढाल या वर्षी पाहिजे, पुढच्या नाही. आणि तुझा फायदाच आहे ना? नाव कोणाचं येतं पेपरात?"

पेपरात सरांचं नाव येतं. मेघाचं 'मेधा' छापून आलं होतं.

ती पुन्हा मॅटवर गेली. सर बाकावर बसले. नॅपकिन उजव्या खांद्यावर गेला.

जिल्ह्याची निवड चाचणी रोह्याला होती. पत्र्याचा मोठा मांडव, आत दोन मॅट, आणि उकाडा असा की बसल्या जागी माणूस भिजावा. पोरींना मिसळून संघ पाडले. सगळे प्रशिक्षक बाहेर, प्रेक्षकांत. किरण सर गर्दीत कुठेतरी मागे होते. मेघाला दिसत नव्हते.

पहिल्या चढायांना ती गेली आणि रिकामी आली. काही बिघडलं नाही, सगळ्याच सावध होत्या. मग तिच्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या. अशा वेळी नियम कडक आहे: तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, नुसतं परत आलं तर चढाई करणारी बाद. तिसरीला मेघाचं नाव पुकारलं गेलं.

ती आत गेली. मी प्रेक्षकांत होते, तिचा चेहरा मला समोरून दिसत होता. आम्हाला नाटकात शिकवतात, डोळे उघडे असणं वेगळं आणि बघणं वेगळं. तिचे डोळे उघडे होते. समोर सात पोरी, हातात हात धरून पुढे-मागे होणाऱ्या, आणि मेघा त्यांच्यातून आरपार कोणाला तरी शोधत होती. तोंडाने कबड्डी चालूच. उजव्या कोपऱ्याची पोरगी इतकी पुढे आली होती की विहारामागच्या मेघाने तिला झोपेत टिपलं असतं. वेळ होता. दम होता.

तेवढ्यात पंचांच्या टेबलाशेजारी खुर्चीवर बसलेल्या एका गृहस्थांनी पांढरा नॅपकिन काढला आणि तोंड पुसलं.

मेघा वळली आणि परत आली.

शिट्टी झाली. बाद. तिच्या संघातल्या पोरी तिच्याकडे बघतच राहिल्या. निवड समितीतल्या एक बाई खुर्चीवरून उठल्या.

"अगं ए पोरी, तिसरी चढाई होती ना?"

"हो मॅडम."

"मग परत का आलीस? घाबरलीस?"

"नाय मॅडम."

"दम तुटला?"

"नाय."

"मग?"

मेघाने हात लांब करून दाखवलं. "त्यांनी तोंड पुसलं."

ते गृहस्थ दचकले. आपल्या मागे कोणी आहे का ते त्यांनी वळून पाहिलं. "कोण, मी? अहो, मला घाम आला!"

मांडवभर हशा. पोरी हसल्या, पंच हसले, चहा वाटणारा हसला. मेघा हात तसाच धरून उभी. तिला अजून कळलं नव्हतं काय झालं ते. मग कळलं, आणि तिचा हात हळूहळू खाली आला. मला तिथून उठून जाऊन त्या सगळ्यांची तोंडं बंद करावीशी वाटली.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कॉलेज कोणतं तुझं?"

मेघाने सांगितलं.

"अस्सं," बाई म्हणाल्या, खाली बसत. "त्यांच्यातली होय तू. येते बाई तिथून दर वर्षी एखादी अशी."

दर वर्षी! म्हणजे माहीत होतं. निवड समितीला माहीत होतं, जिल्ह्याला माहीत होतं, ढाल देताना सरांच्या गळ्यात हार घालणाऱ्यांना माहीत होतं, की हा माणूस चांगल्या खेळणाऱ्या पोरी आत घेतो आणि आंधळ्या करून बाहेर पाठवतो. आणि कोणीच काही बोलत नाही, कारण कॉलेज जिंकतंय. पोरीचं काय व्हायचं ते नंतर होतं, कॉलेजच्या गेटबाहेर.

यादीत मेघाचं नाव नव्हतं. परतीच्या गाडीपाशी सर वाट बघत होते. मला वाटलं, आता तरी ओशाळतील.

"डोकं कुठे होतं तुझं?" सर म्हणाले. "स्वतःचं डोकं वापरायला नको?"

हे वाक्य किरण सरांनी उच्चारलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. घरी रोहिणीकाकूंनी दार उघडलं, पोरीचं तोंड बघितलं आणि भाकरी टाकायला बसल्या. चंदरकाका रात्रपाळीला निघाले होते. डबा हातात घेऊन ते दारात थांबले.

"नाय झालं?"

"नाय."

"खेळून हरलीस, का न खेळता?"

मेघा म्हणाली, "न खेळता." आणि तेव्हा ती रडली.

पंधरा दिवसांनी आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामना आमच्याच कॉलेजात होता. सरांना मेघा हवीच होती. ती आली. पहिल्या चढाईला तिचं नाव पुकारलं तेव्हा ती बाकाकडे पाठ करून बुटाची नाडी बांधत बसली. सरांनी टाळी वाजवली.

"मेघा! ए मेघा! इकडे!"

ती उठली आणि थेट आत शिरली. आत गेल्यावरही तिने मान वळवली नाही. पकडली गेली, चौघींनी मिळून दाबली. संघातल्या दुसरीने गुण घेतला तेव्हा ती परत आत आली. पुन्हा ती पाठ करून उभी राहिली, पुन्हा गेली, आणि यावेळी एकीच्या खांद्याला हात लावून आली. सर बाकावरून ओरडत होते. नॅपकिन दोन्ही खांद्यांवर, डोक्यावर, हातात झेंड्यासारखा. पोरी गोंधळल्या, कोणाकडे बघावं कळेना. तिसऱ्यांदा मेघा पुन्हा सापडली. सरांनी तिला बाहेर काढलं आणि बाकावर बसवलं.

"नाव कापतो मी तुझं. आज, आत्ता."

"कापा सर."

"काय मिळवलंस? दोनदा सापडलीस!"

"हां सर. पयल्यांदा त्या मधल्या उंच पोरीनं धरलं. ती आधी कंबरेत वाकते, मग येते. दुसऱ्यांदा मी तिच्याकडंच बघत राहिले, तर डावा कोपरा विसरले. ती बारकी हाय ना, वेणीवाली, तिनं घोटा धरला. चूक माझीच."

"मी तुला हे विचारलं का?"

"नाय सर. तुमी कधीच नाय विचारलं."

सर काही बोलणार होते, पण चढाईला निघालेली पोरगी त्यांच्याकडे बघत थांबली होती. त्यांना नॅपकिन उचलावा लागला.

संघ जिंकला. अंतिम सामनाही जिंकला, मेघाशिवाय. मला खोटा शेवट सांगायचा नाही: सिस्टीमचं कोणावाचून काही अडलं नाही. मेघाच्या जागी शेलूची एक पोरगी आली, पाय चपळ, दम मोठा, आणि ती आता सरांकडे बघते. मेघाला त्या वर्षी कॉलेजकडून खेळल्याचा दाखलासुद्धा दिला नाही, 'शिस्तभंग' म्हणून.

कॉलेजची वाट बंद झाली, पण जिल्ह्याची नाही. मंडळाकडून खेळणाऱ्या पोरींनाही चाचणीला उभं राहता येतं. समीक्षाचं चौकला महिलांचं मंडळ आहे. रविवारी सकाळी त्या मातीत खेळतात. मेघा तिथे जाते. मी मागच्या महिन्यात गेले होते बघायला. ती फार चांगली खेळत नव्हती. खूप वेळा सापडत होती. तीन वर्षं जे डोळे वापरू दिले नाहीत ते एका महिन्यात थोडेच उघडतात? ती आत जाऊन मध्येच थबकते, अजूनही. मग स्वतःशीच चिडते आणि पुढे होते.

समीक्षाने तिला घोट्याला धरून पाडलं आणि तिच्या पाठीवर बसली.

"सांग. कशी सापडलीस?"

"उठ आधी. जीव जातोय माझा."

"सांगितल्याबिगर नाय उठणार. कशी सापडलीस?"

"तू डावीकडं बघितलंस आन् उजवीकडनं आलीस."

"मग?"

"मला खरं वाटलं ते."

"आता?"

"आता नाय वाटणार."

समीक्षा उठली. मेघाने तोंडातली माती थुंकली, केस मागे बांधले, आणि कोणी नाव पुकारायच्या आत मध्यरेषेवर जाऊन दम घेतला.